उत्तरेकडची वात

३ एप्रिल २००६

आलो एकदाचे भिवंडीत! खोली मला बघताक्षणी आवडली. खाली हाशिमभाईंचा लूमचा कारखाना, वर आम्ही. खडखड इतकी, की भावेशला जेवायला बोलवायचं तर ताट वाजवावं लागतं. हा माझा नवरा, हाशिमभाईंचा नवा सुपरवायझरसाहेब, म्हणतो, होईल सवय. खिडकी एकच, गल्लीत आकाशाचा पत्ता नाही, पण सकाळी त्या खिडकीतून लख्ख ऊन थेट ओट्यावर. पेणच्या घरात पूर्वेची खिडकी नव्हती म्हणून आई जन्मभर कुरकुरली. मला पूर्व आयतीच मिळाली! घरमालकीण ठमाबाई बोंबलाचं कालवण देऊन गेली. माणूस गोड आहे.

१२ एप्रिल

भावेशला ताप. डॉक्टर नुसत्या गोळ्या बदलतात. दुपारी लोडशेडिंग झालं की लूम थांबतात आणि खोली एकदम इतकी गप्प होते, की त्याचा श्वासही मोजता येतो. नव्या जागेला दृष्ट लागली की काय कुणास ठाऊक.

१९ एप्रिल

दवाखान्यातून घरी पाठवलं. औषध चालू ठेवा, देवावर भरवसा ठेवा म्हणे. ठेवला की! सकाळ-संध्याकाळ हात जोडते, उपास धरले, घसा बसेपर्यंत स्तोत्रं म्हटली. देव्हाऱ्यातून हूं नाही की चूं नाही. ठमाबाईपुढे मी तणतणले, तर ती शांतपणे म्हणाली, देव बोलत न्हाय गो, तो निस्ता जवल बसून हाय. असा राग आला! नुसतं बसायला शेजारणी काय कमी आहेत?

पण उपाय तिनेच सांगितला. तिच्या घरची जुनी रीत आहे. आजाऱ्याच्या खोलीत पाट मांडायचा, वर तांदूळ पसरायचे, कडेला दिवा, वात उत्तरेला. देवाला बसायला जागा. एवढं सांगून ती पडघ्याला लेकीकडे गेली. मी खिडकीकडे, म्हणजे पूर्वेकडे, तोंड करून उभी राहिले. डाव्या हाताला उत्तर. तिकडे वात केली.

२४ एप्रिल

दुपारी लूम थांबले. सहज पाटाकडे पाहिलं तर तांदळात मधोमध खळगा, कुणी बसावं तसा. पाटापुढे डोकं टेकलं. देव आला! ताप मात्र वाढलाय. हे कसलं येणं?

२७ एप्रिल

आज भांडलेच. आलास तर तोंड उघड म्हटलं, एक शब्द तरी बोल, दगडाला पाझर फुटतो रे. लूम थांबले आणि पाटावरून आवाज आला. जाडसर, सावकाश. पाट जवळ घे, म्हणाला.

मी रडले. घेतला जवळ.

२९ एप्रिल

रोज तेच. आणखी जवळ घे. पाट आता खाटेला टेकलाय. भावेश तिकडे बघून थरथरतो, कोपऱ्यात सरकतो. मला ओळखत नाही. देव उशाशी बसला तरी हा बरा का होत नाही? कुणाला विचारू? ठमाबाई अजून आली नाही.

२ मे

दुपार. वीज गेली. उकाड्याने कामगार नमाजाला बाहेर गल्लीत आले. खिडकीतून पाहिलं. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे, तोंडं समोरच्या शेडकडे. आमच्या पेणला शकिलाभाभी नमाज पढायची ती मावळतीकडे तोंड करून. सगळेच तसे पढतात.

मग माझी खिडकी—

समोरच्या शेडचा नवा पत्रा. सकाळचं ऊन त्यावर आपटून आत येतं. ही पूर्व नाही. ही पश्चिम. आणि माझी उत्तर म्हणजे—

दक्षिण. दक्षिणेला वात धनत्रयोदशीला लावतात, वर्षातून एकदा, यमासाठी, तीही घराबाहेर. मी घरात लावली. रोज. पाट माझ्या हातांनी भावेशच्या—

वात फिरवली. आपोआप परत फिरली. फुंकर मारली. विझत नाही.

हाशिमभाईंना हाक मारली. घशातून आवाज फुटत नाही. खाटेवरून भावेश उचलवत नाही. शिशासारखा जड झालाय.

पाट आणि खाट यांच्या मध्ये बसलेय. लिहीत राहिले की त्याचं बोलणं कमी ऐकू येतं. म्हणतो, बाजूला हो. म्हणतो, तूच बोलावलंस. म्हणतो, तुझा देव कधी बोलला का तुझ्याशी?

नाही बोलला. एकदाही नाही. देवा, आता तरी—

काही नाही. लूमही सुरू होईनात—

बाजूला होणार नाही. मी नाही होणार—

शेजारी जमिनीवर कुणीतरी येऊन बसलं. खांद्याला खांदा लागलाय. ऊब आहे.

पाटावरचा आवाज बदलला. घाईत विचारतोय, तुझ्याजवळ कोण आहे? उठव त्याला. उठव—

विचारलं, कोण? बोलत नाही. पुन्हा विचारलं. बोलतच नाही, नुसता बसून—