चार नंबरचा रिंगलीडर

१० एप्रिल १९५६
जयवंताला दीड वर्षाची सजा! जानेवारीच्या संयुक्त महाराष्ट्राच्या दंगलीतला रिंगलीडर म्हणे. सुमती धावत गिरगावात आली.
"दादा, तू कोर्टाचे कागद इंग्रजीत करतोस ना? याचा अर्थ काय रे?"
"म्होरक्या."
"हे? म्होरके? मोर्चाला पण शेजाऱ्यांनी ओढून नेलं होतं त्यांना!"
माझा मेहुणा तो. मी ओळखत नाही होय त्याला?

१२ एप्रिल
लायब्ररीत मोठा कोश काढला. रिंग म्हणजे रिंगण, लीडर म्हणजे पुढारी. 'रिंग चालवणे' म्हणजे सगळ्यांच्या पुढे असणे, असा जुना वाक्प्रचार. काहींच्या मते नाचाच्या रिंगणावरून आलेला. नाचणारा गेला, दंगेखोर उरला. साहेब गेला, शब्द ठेवून गेला — आपण आपल्याच माणसांना चिकटवायला!

१५ एप्रिल
डिलाईल रोडला सुमतीकडे. गिरणीनं जयवंताला कमी केलं.
"तो शब्द पहिल्यांदा कुणी लिहिला ते शोध. त्याच्या दारात जाऊन बसते मी."

१९ एप्रिल
फौजदार म्हणाला, "आम्ही जबान्या मराठीत घेतो. इंग्रजी तुमच्या खात्यातलं."
म्हणजे आम्ही चौघे भाषांतरकार. हा रमाकांतच! भारी इंग्रजी झाडायची हौस त्याला.

२३ एप्रिल
सगळ्यांसमोर रमाकांतला बोललो. "तुझ्या इंग्रजीपायी माणूस आत गेला!"
तो शांतपणे म्हणाला, "त्या जबान्या आल्या तेव्हा मी टायफॉइडनं पडून होतो. तू आला होतास की बघायला."
आलो होतो.

२६ एप्रिल
मूळ कागद मिळाले. साक्षीदार एक शिंपी. जबानीत नावं नाहीत, नुसते आरोपींचे नंबर; जयवंत चार. "चार नंबरचा सगळ्यांच्या पुढे होता. गोळी लागलेल्या बाईला उचलत होता."
इंग्रजीत एकच वाक्य: चार नंबर रिंगलीडर होता. बाई गाळलेली.
त्या दिवशी साठ जबान्या होत्या टेबलावर. घाई होती. शब्द ऐटबाज वाटला असेल.
अक्षर माझं.

२७ एप्रिल
दोन्ही कागद अपिलासाठी वकिलाला दिले. माझी नोकरी जाईल. जाऊ दे.
सुमतीला सगळं सांगितलं. रडली नाही. उठली, पान वाढलं.
"जेवा," म्हणाली.
जेवा! मला!