सतरंजीवरची मोकळी जागा

शिरूर, रविवार संध्याकाळ, ऑगस्ट १९५८

डोकं अजून तापलेलंच आहे. पाळकसाहेबांनी आज उपासनेत बायबलातला भूतग्रस्ताचा उतारा वाचला. प्रभूनं नुसता हुकूम केला आणि भुतं निघाली, माणूस शुद्धीवर आला. बायकांनी माना डोलावल्या. आणि आमच्या चर्चमधली रत्ना? तिला लागलेला दुष्ट आत्मा प्रार्थनेनं गेला, अशी साक्ष याच बायकांनी ईस्टरला उभं राहून दिली. तरी सतरंजीवर तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी! मग हुकूम कोणाचा मोठा, प्रभूचा की यांच्या भीतीचा?

मी उठून तिच्याशेजारी बसले. मागून सोनाबाई कुजबुजल्या, "बाई, जपून. तुमाला धरंल ते."

"माझ्या जिभेला भूतसुद्धा भितं, सोनाबाई. तुम्ही गीत काढा."

रत्ना फसकन हसली. गीत संपेपर्यंत तिनं माझा पदर मुठीत धरला होता. शाळेतली मास्तरकी सोडल्यापासून मला कोणी असं धरलेलं नाही. घरी आले, दिवा लावला, आणि पदराची ती चुरगळ हातानं सरळ करवेना.

पुढच्या रविवारी लवकर जाणार. जागा धरायला नाही, जागा भरपूर आहे. ती येईल तेव्हा शेजार असावा. तिला, आणि मलाही.