मॉस्कोला पाठवलेले मोजे

पुणतांबा,
१८ जानेवारी १९७२

प्रिय माला,

तुझं पाकीट काल मिळालं. मोठं पत्र ओसरीवर बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. जमिनीखालच्या स्टेशनात झुंबरं आहेत, जिना आपला आपणच माणसाला खाली नेतो, हे रंगुबाईनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. नदी गोठल्यावर मासे कुठं जात्यात, हा तिचा घोर होता. पुढं बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेल्या माणसांचं आलं, तेव्हा म्हणाली, मंग खाली पानी हाय म्हना की, बरं झालं बाई. वाचनालयातून नकाशाचं पुस्तक आणून मी मॉस्को शोधलं. पुणतांबा त्यात नाही. गोदावरीची रेघ धरून अंदाजानं पेन्सिलीनं एक टिंब दिलं. पुस्तक परत करताना पुसून टाकीन.

पाकिटाच्या तळाशी घडी करून ठेवलेली चिठ्ठी मात्र मी एकटीनं वाचली, चुलीपुढं बसून. तीन दिवस हिंडलीस आणि चौथ्या दिवसापासून खोलीच्या बाहेर पडली नाहीस. गोरक्षनाथराव सुट्टीच्या दिवशी एकटेच शहर बघून येतात आणि तू भिंतीकडं तोंड करून ऐकतेस. जोडव्यांमुळं बूट चढत नाहीत, बोटं बधिर होतात. रस्त्यात एका म्हातारीनं तुला थांबवलं, तिच्या भाषेत रागावली आणि तुझ्या डोक्याचा रुमाल आवळून बांधला, तर तू भर रस्त्यात रडलीस. ती म्हातारी मला आवडली, एवढं सांगते. आणि शेवटी लिहिलंस, आई सिरियस, ताबडतोब या, अशी तार कर, म्हणजे हे मला परत पाठवतील. चिठ्ठी मी चुलीत घातली. तारेचं सांगते, पण आधी दिल्लीचं सांगू दे. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

तू जन्मायच्या आधी, एकोणपन्नासच्या पौषात, तुझ्या वडिलांनी मला दिल्लीला नेलं होतं. छावणीजवळ एक खोली घेतली होती. मी अठरा वर्षांची, नगरच्या पुढं गाव बघितलेलं नव्हतं. थंडी अशी की सकाळी घागरीला हात लावला की चटका बसल्यासारखं व्हायचं. त्यांनी मला फिरवायला चार दिवसांची सुट्टी काढली. रोज लष्कराचा ट्रक चालवणारा माणूस, पण टांग्यात माझ्याशेजारी बसून असा मिरवत होता, जसा लाल किल्ला त्यानंच बांधलाय. माझे पाय गारठलेले बघून त्यांनी पलटणीतले आपले लोकरीचे मोजे आणून दिले. जोडवी काढल्याशिवाय ते चढेनात. ते म्हणाले, काढ की, इथं कोण बघतंय. सासूबाईंनी निघताना बजावलं होतं की जोडवी पायातून काढायची नाहीत. मी मोजे ट्रंकेत फेकले आणि चपलांवरच कुतुबमिनार बघायला गेले. बघितला कसला, खाली मान घालून पायाची बोटं बघत उभी राहिले. तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठलेच नाही.

मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. शेजारच्या खोलीत हवालदाराची बायको होती, बनुबाई, साताऱ्याकडची. तिच्याकडून तुझ्या बन्सीमामाला कार्ड लिहून घेतलं आणि तू मागितलीस तीच तार मागितली. आठ दिवसांत आली. वडिलांनी ती साहेबांना दाखवली, रजा घेतली आणि रात्रंदिवस गाडीत माझी समजूत काढत मला माहेरी आणलं. दारात तुझी आजी ज्वारी पाखडत होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, मामी, तब्येत झकास दिसते. चहा घेतला, दोन दिवस राहिले आणि गेले. मोजे माझ्या ट्रंकेतच राहिले.

त्यानंतर त्यांनी मला चल म्हटलं नाही आणि मीही नेता का म्हणून विचारलं नाही. वर्षातून महिनाभर येत. पुढच्या रजेला आले तेव्हा दंडावरची हुद्द्याची फीत दिसली नाही, तर म्हणाले, धोब्यानं उसवली. मी हसले. तुझ्या पहिलीच्या पुस्तकातून तुझ्याबरोबर अक्षरं शिकले, ती त्यांची पत्रं दुसऱ्या कुणी वाचू नयेत म्हणून. पासष्टच्या लढाईत आपल्या दारात खरी तार आली. ती मी स्वतः वाचली.

महिन्याभरानं पारनेरचे आप्पासाहेब भेटायला आले, तुझ्या वडिलांच्याच गाडीवरचे. त्यांना वाटलं मला माहीत आहे, म्हणून बोलून गेले. दिल्लीच्या वेळी पलटणीनं माझ्या त्या तारेची चौकशी गावच्या पोलीस पाटलाकडं केली होती आणि पाटलानं खरं तेच लिहिलं, बाई ठणठणीत आहे. साहेबांपुढं उभं केल्यावर वडील म्हणाले, रजा पाहिजे होती म्हणून तार मीच मागवली. माझं नाव घेतलं नाही. फीत गेली, ती परत मिळायला चार वर्षं लागली. म्हणून मी तार करणार नाही, माला. गोरक्षनाथराव चांगले आहेत, ते तुला एका शब्दानं न बोलता पाठवून देतील, आणि तेच मला नको आहे. या पत्राबरोबर ते मोजे पार्सलनं टाकले आहेत. कसरीनं एका टाचेला भोक पाडलं होतं, ते रफू केलंय. जोडवी काढून डबीत ठेव आणि मोजे घाल. विधवा बाई लेकीला हे सांगते म्हणून कुणी नाव ठेवलं तर माझ्यापाशी पाठव. माझी जोडवी सोळा वर्षं पायातून निघाली नव्हती. येत्या सुट्टीला त्यांच्याबरोबर नदीवर जा, आणि ते मासे धरणारे दिवसभर बसून बोलतात काय, ते मला लिही. रंगुबाई वाट बघतेय.

दिल्ली न बघितलेली, तुझीच
आई