गोळीने उभे केलेले केस

ती. अक्का,
नमस्कार. तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला आता ताळ्यावर आले असतील असे धरून लिहितो. मी बरा आहे. हे आधीच लिहिले, कारण लेकीचा फोन तुला येऊन गेला असणार, आणि तिने काय काय सांगितले असेल या विचारानेच मला धडकी भरते.

घडले ते असे. ही गेल्यापासून माझे जेवणाखाण्याकडे लक्ष नव्हते. मागच्या आठवड्यात कचेरीत खुर्चीवरून उठलो तो थेट फायलींच्या कपाटावर कोसळलो. (पोचा कपाटाला आला, मला नाही.) डॉक्टरांनी खाली गेलेला रक्तदाब वर आणायची गोळी दिली. औषधवाला म्हणाला, "काका, ही उत्तेजकांच्या भावकीतली बरं का! खेळाडूंना चालत नाही." मी शर्यतीत उतरणार नसल्याची त्याला खात्री दिली. ही गोळी घेतली की बराच वेळ आडवे व्हायचे नाही, नाहीतर रक्तदाब भलताच चढतो. शिवाय डोक्याला मुंग्या येतात आणि अंगावरचे केस ताठ उभे राहतात. डॉक्टरांनी हे सांगितले होते. मी कुणाला सांगितले नाही, कारण कुणी विचारले नाही.

रविवारी दुपारी मेहुणी आली तेव्हा मी गोळी घेऊन हिच्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा होतो (बसलो की डुलकी लागते). तिने माझे हात पाहिले, खुर्ची पाहिली आणि किंचाळली, "अगं बाई! ताई आलीय! भाओजी, काय म्हणतेय ती?"

"काही नाही," मी म्हणालो. (खरेच काही नव्हते.)

तिला वाटले, ताई रागावलीय. ती खुर्चीपुढे बसकण मारून रडू लागली, "ताई, तुझी हिरवी शाल माझ्याकडेच आहे गं!"

अक्का, मी हबकलोच! त्या शालीसाठी आम्ही दोघांनी सारे घर उपसले होते, आणि ही बाई तेव्हा पलंगाखाली वाकून शोधायला मदत करत होती!

घरी जाऊन तिने लेकीला कळवले, की बाबा झोपत नाहीत, उभ्या उभ्या आईशी बोलतात. आता लेक म्हणते, घराला कुलूप लावा आणि माझ्याकडे राहायला चला. मला भुते दिसत नाहीत आणि मी एकटा व्यवस्थित राहतो, हे तू तिला समजाव.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. समजाव, पण फार नेटाने नको.

ता. क. २. तिने आणखी एकदा विचारावे, एवढे बघ. पहिल्या खेपेला हो म्हणणे मला जमत नाही. बॅग भरून ठेवली आहे.