आजींना नाही म्हणायचं नाही

४ जून
आले एकदाची सासरी! लग्नानंतर बदली मिळेपर्यंत नुसता फोनवरचा संसार चालला होता. दुसऱ्या मजल्यावरचं घर, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन, माझ्या कुंड्यांपुरती गॅलरी. माणसं मोजकीच: नवरा, सासरे आणि आजेसासूबाई. पूर्वी म्हणे आजींच्या शब्दाबाहेर पान हलत नसे. आता विसरण्याचा आजार. सासरे त्यांना चमच्याने भरवतात, तोंड पुसतात. मला बघून आजींनी विचारलं, पाहुणीला चहा दिला का. सगळे हसलो. सोमवारपासून चष्म्याच्या दुकानाच्या इथल्या शाखेत रुजू.

११ जून
आजींनी सासऱ्यांना अभ्यास झाला का म्हणून विचारलं. ते म्हणाले, आई, मी रिटायर झालोय. मग जो आकांत! ताट भिंतीवर. डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना खोटं पाडू नका, कलाने घ्या. सासरे पेपर धरून मोठ्याने वाचायला बसले. आजींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. घर कसं शांत झालं. डॉक्टरांचं पटलं बाई.

२० जून
नवरा अगदी आजोबांवर गेलाय, फोटोत बघितलं. आजी आता ह्याला 'अहो' म्हणतात. जेवताना ह्याच्या शेजारची माझी खुर्ची त्यांनी घेतली. हा डोळ्यांनीच म्हणाला, सांभाळून घे. मी ओट्यापाशी उभ्यानेच जेवले. आजी पुन्हा घर चालवायला लागल्यात. किल्ल्या त्यांच्याकडे, दूधवाल्याशी हुज्जत त्यांचीच. आता त्यांना कुणी भरवत नाही. आनंद व्हायला हवा खरं तर.

२ जुलै
सासरे भिंतीकडे तोंड करून उभे होते. शिक्षा. आजी अंघोळीला गेल्या होत्या, म्हणून म्हटलं, बसा आता, त्या नाहीत इथे. ते कुजबुजले, "आई ओरडेल." डोळ्यांत खरंखुरं पाणी. तेवढ्यात हा आला. सासरे आपल्याच मुलाला बिलगले. "बाबा, हिला जायला सांगा ना."
ह्याने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. हसला नाही.

५ जुलै
हा माझ्याशी बोलत नाही. आजी समोर नसतानाही. हाक मारली की मागे वळून बघतो, दुसऱ्याच कुणाला मारली असावी तसं. माझं अंथरूण पॅसेजमध्ये आलंय. मावशीला फोन केला. ती हसली. म्हणाली, म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घेतेस.
म्हातारं माणूस एकच आहे का पण —

९ जुलै
दुकानातून आले तर आतून कडी. आजींनी फटीतून विचारलं, कोण गं तू? मी नाव सांगितलं. नातसून म्हणाले. दार बंद. जिन्यात बसून राहिले. वर जाणाऱ्या शेजारणीनेही विचारलं, कुणाकडे आलात?
मग फटीतून सासरे. त्यांना एक धाकटी बहीण होती, लहानपणीच गेली. "मी बेबी, असं म्हण ना. आई लगेच आत घेईल."
म्हटलं.

१० जुलै
आजींनी केस विंचरून दिले. किती दिवसांनी कुणी हात लावला मला. खूप रडले. हा दारात उभा होता. ह्याला नावाने हाक मारणार होते, पण नाव — जिभेवर होतं —

जुलै
दुकानात नाही गेले. आई नको म्हणाली. दादा भिंतीपाशी उभा आहे, आज त्याने पुन्हा — लिहिणं पुरे, नाहीतर आई —
बाबा आले. बाबांना विचारायचंय, ह्या घरात यायच्या आधी मी कुठे राहा