तळघरातल्या आईला दोन तारे

पाइन फोर्क, विस्कॉन्सिन
ऑक्टोबरातला दुसरा मंगळवार

ती. इंग्रिडवहिनींस,

लॉर्नाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे दोन अंगं वजा धरावीत). डलूथला थंडी पडली असेल. दादाचा खोकला कसा आहे? डॉक्टरकडे तो गेला नसणारच. आमच्या घराण्यात डॉक्टरकडे मेल्यावर जायची पद्धत आहे.

पत्रास कारण की, मी सध्या भुताखेतांच्या कादंबऱ्या वाचते आहे. अगदी ताज्या, याच वर्षीच्या. महिन्याभरात सहा झाल्या. आपल्या वेळची भुतं कामसू होती हो. दार वाजवायची, गळा दाबायची, पहाट झाली की आपापल्या घरी जायची. हल्लीच्या भुतांना कुणाला घाबरवायचंच नसतं, त्यांना समजून घ्यायला हवं असतं! तीनशे पानं रक्त गळतं आणि शेवटी कळतं की ते भूत नव्हतंच, ते त्या बाईचं दुःख होतं. (मग भिंतीवरचं रक्त पुसायचं कुणी? ते कुणी लिहीत नाही.) पहिल्या पानावर सूचना असते: या पुस्तकात खून आहेत, किडे आहेत, कुत्रा मरतो. माणसं मेली तर चालतात, कुत्र्याचं मात्र आधी सांगावं लागतं. आणि सहापैकी चार पुस्तकांत हडळ कोण? आई! खोटं कशाला बोलू, ते वाचून मला जरा बरंच वाटलं.

कारण तुमच्या लाडक्या भाचीचं, म्हणजे माझ्या लेकीचं, पुस्तक. ग्रेटाच्या कादंबरीतली हडळ तळघरात राहते, जांभळा गाऊन घालते, बरण्यांत बीट मुरवते आणि "स्वेटर घातलास का?" असं विचारून विचारून पोरीचा जीव शोषते. आता अख्ख्या गावात जांभळा गाऊन कुणाकडे आहे, हे काय कुणाला सांगायला हवं? चर्चच्या विक्रीत पाद्रींच्या बायकोनं माझ्या बीटच्या लोणच्याची बरणी उचलली, उजेडात धरून पाहिली आणि हळूच खाली ठेवली. एकोणीस वर्षं सगळ्यात आधी संपणारं लोणचं ते! ग्रंथालयातली व्हर्ना माझी समजूत घालायला आली. म्हणाली, "अगं लॉर्ना, मनावर घेऊ नकोस. ती तू नाहीसच मुळी. तुझा गाऊन केवढा विटलाय!"

मी मनावर घेतलंच नाही. मी फक्त नेटवर त्या पुस्तकाला पाचपैकी दोन तारे दिले, स्वतःच्या पूर्ण नावानिशी. लिहिलं की यातली हडळ व्हिनेगरशिवाय बीट मुरवते, तसं केलं तर बरणी आठवड्यात फसफसते, आणि लेखिकेला हे घरी शिकवलेलं आहे. बाकी भाषा चांगली. बस्स, एवढंच. ते वाचून चार हजार लोक हसले, त्यात माझा काय दोष? ग्रेटाचा फोन आला. "आई, सगळ्या पुस्तकात तुला बीटच दिसलं?" म्हणाली आणि ठेवून दिला. त्याला आता सात महिने झाले. पूर्वी दर रविवारी फोन यायचा. मला फार वाईट वाटतं, वहिनी.

असो. दादाला कांद्याचा काढा द्या, नको म्हणाला तरी.

तुमची नणंद,
लॉर्ना

ता. क. शनिवारी तुमच्या घराजवळच्या पुस्तकाच्या दुकानात ग्रेटा तिची कादंबरी वाचून दाखवणार आहे म्हणे. मी येणार नाही. मला कुणी बोलावलेलं नाही, आणि न बोलावता जायला मी काय भूत आहे?

ता. क. २. तारे दिले तेव्हा माझी एकशे बाराच पानं वाचून झाली होती. उरलेलं परवा संपवलं. शेवटच्या प्रकरणात पोरीच्या हातात काडेपेटी असते आणि सगळे तिला घर जाळ म्हणतात. ती काडेपेटी खिशात घालते, तळघराच्या पायरीवर बसते आणि खाली हाक मारते, "आई, वर ये गं, जेवू या." हडळ वर येते का, ते लिहिलेलं नाही. मी ते पान तीनदा वाचलं.

ता. क. ३. तुम्ही शनिवारी जालच. गर्दी पांगली की तिला एवढंच विचारा, माझं नाव न घेता (तिला कळेलच, तरी घेऊ नका), की ते शेवटचं प्रकरण तिनं मनापासून लिहिलं, की प्रकाशकानं लिहायला लावलं. मनापासून असेल तर लगेच फोन करा; तुमच्याकडे येणाऱ्या रविवारच्या बसची वेळ मी विचारून ठेवली आहे. प्रकाशकाचं असेल तर मला कळवू नका.