त्रेपन्न तास

४ एप्रिल २००६

रेडिओ गुआयाकानच्या व्यवस्थापकाला आज तिसरा फोन. डॉन एवारिस्तोंचा पहाटेचा बोलेरोंचा, जुन्या प्रेमगीतांचा तास बंद करायचा म्हणतात. एकतीस वर्षं ऐकतेय मी! का, तर ‘ला चिस्पा’ स्टेशनने दिवसभर रेगेटॉन लावून सगळं पोन्से शहर पळवलं. आता यांनाही तीच धडधड हवी.

"बाई, पोरं तिकडे गेली. आम्ही काय करायचं?"

पोरांच्या आज्या अजून मेलेल्या नाहीत, मी म्हटलं.

"मग पुढच्या श्रोता-पाहणीत आकडे दाखवा." फोन ठेवला मेल्याने.

६ एप्रिल

खाली विल्मारीचं केस कापायचं दुकान. सकाळी आठपासून चिस्पा. माझ्या कपाटातले कप नाचतात. खाली जाऊन म्हटलं, अगं, शब्द तरी ऐक काय आहेत ते.

"शब्द कोण ऐकतंय, डोन्या एडू? आणि पाय तर तुमचाही हलतोय."

तो गुडघ्याचा त्रास आहे, म्हटलं.

१९ एप्रिल

देव आहे. पाहणीवाल्यांची वही टपालाने आली, माझ्या नावाने! आठवडाभर कोणतं स्टेशन ऐकलं, किती ते किती, घरी की बाहेर, सगळं भरायचं. शेवटी अभिप्रायाला कोरं पान. अशा वह्या मोजक्याच घरांत जातात; एकीवरून शेकडो माणसं धरतात. डॉन एवारिस्तो, निर्धास्त राहा.

२० एप्रिल, गुरुवार

पाच ते सहा, गुआयाकान, घरी. सुवाच्य अक्षरात.

मग सूचना वाचल्या. आवडो न आवडो, कानावर पडेल ते सगळं लिहायचं. विल्मारी म्हणाली, "सगळीकडे गुआयाकानच भरा ना, कोण बघतंय?"

नाही जमणार. शाळेतल्या सिस्टर बर्नार्डांना जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी त्या बघतात. खरं तेच लिहीन. कळू दे किती छळ आहे तो.

२२ एप्रिल

आठ ते सहा, चिस्पा, जमिनीतून. पाव घेताना बेकरीत, चिस्पा. दवाखान्यात रक्तदाब मोजताना, चिस्पा — एकशे साठ निघाला. तोही लिहिला.

२६ एप्रिल

आठवडा संपला. रविवार-सोमवार खालचं दुकान बंद होतं, तेवढाच आराम. कोरं पान दोन्ही बाजूंनी भरलं. समासातही लिहिलं. उद्या टपालात.

११ जुलै

विल्मारीची एक गिऱ्हाईक चिस्पासाठी जाहिराती विकते. तिने निकाल सांगितला. चिस्पा पहिली. पासष्टीपुढच्या बायकांतसुद्धा पहिली! "एका आजीनं तर आठवड्यात त्रेपन्न तास ऐकलं म्हणे," असं म्हणून विल्मारी माझ्या दारातच बसली आणि पोट धरून हसली.

अभिप्राय हिशेबात धरतच नाहीत. तास धरतात. गुआयाकानचे माझे सात.

१४ जुलै

डॉन एवारिस्तोंचा शेवटचा तास. निरोप घेताना आवाज जरासुद्धा कापला नाही त्यांचा. त्यांची नोकरी मी घालवली, तीही सुवाच्य अक्षरात.

दुपारी विल्मारी भात आणि गांदुलेसचे ओले तुरीचे दाणे घेऊन वर आली. हसली नाही. दुकानातला आवाजही बारीक होता.

३१ जुलै

विल्मारीने काल सांगितलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. पहाटे पाचला चिस्पा लावली, माझ्या हाताने. डॉन एवारिस्तो! ‘आमच्या निष्ठावान ज्येष्ठ श्रोत्या भगिनींसाठी, रोज एक तास बोलेरो.’

सहाला ती धडधड सुरू झाली, बंद करायला उठले. पोहोचेपर्यंत साडेसहा झाले. गुडघ्याचा त्रास, दुसरं काय.